अँटीव्हायरस भरलाय, मग अपडेट कशाला?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा विषय काढा, उत्तर ठरलेलं: "अँटीव्हायरस आहे ना, दरवर्षी रिन्यू करतो." आणि विंडोज अपडेट? "ते बंदच ठेवलंय. ऐन बिलं काढताना रिस्टार्ट मागतं."

अँटीव्हायरस घातक फाइल ओळखून अडवतो. सिक्युरिटी अपडेट विंडोजमधलीच चूक दुरुस्त करतं. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी पद्धतीतली गंभीर चूक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला दुरुस्त केली. त्याच चुकीतून वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे रोजी पसरला. कुणी काही क्लिक करायची गरजच नव्हती. नेटवर्कवरचा एक पीसी बाधित झाला की तो आपणहून इतरांत शिरायचा. नवा व्हायरस अँटीव्हायरसच्या ओळखीचा असेलच असं नाही, पण अपडेट झालेल्या पीसीत ही वाटच बंद होती. अर्थात तिथेही कुणी व्हायरसची फाइल हाताने उघडली, तर अडवायला अँटीव्हायरसच लागणार.

खरा घोळ विंडोज अपडेटच्या पानावर होतो. विंडोजच्या डिफेंडर या स्वतःच्या अँटीव्हायरसची व्हायरस ओळखण्याची नवी यादीही तिथूनच येते, जवळपास रोज. 'सिक्युरिटी इंटेलिजन्स अपडेट' असं नाव दिसलं की माणूस निर्धास्त! पण ती यादी अँटीव्हायरसची. तिने विंडोजमधली चूक दुरुस्त होत नाही. विंडोजचं मुख्य अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री उशिरा. त्याला रिस्टार्ट लागतो, आणि तो टाळला तर ते अर्धवटच राहतं. गुरुवारी संध्याकाळी शटर ओढायच्या आधी करून टाकावं.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला जोडलेल्या जुन्या विंडोज ७च्या पीसीचं दुखणं वेगळं. त्याची नेहमीची अपडेट्स जानेवारी २०२०मध्येच थांबली, आणि विंडोज बदललं तर मशीनचं सॉफ्टवेअर चालेल याची खात्री नसते. ऑगस्ट २०१८मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत नवं यंत्र न तपासता नेटवर्कला जोडलं गेलं आणि वॉनाक्रायच्याच एका प्रकाराने उत्पादन ठप्प झालं. दुरुस्ती येऊन सतरा महिने झाले होते. त्यामुळे असा पीसी इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडावा, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करावी, पेनड्राइव्ह दुसऱ्या पीसीवर तपासूनच लावावा आणि प्रोग्रॅमचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून ठेवावी.