अस्थितिस्थापक विकृतीचा हिशोब आम्ही कसा मांडतो

संगणकीय विश्लेषणाचा अहवाल हाती आल्यावर ग्राहक बहुधा विचारतात, की भाग एवढा लांबूनही प्रतिबल (स्ट्रेस, म्हणजे पदार्थात दर क्षेत्रफळामागे निर्माण होणारे अंतर्गत बल) शून्य कसे, किंवा तो जागचा हललाही नसताना प्रतिबल एवढे कसे. दोन्हींचे उत्तर एकच आहे. एकूण विकृतीत, म्हणजे स्ट्रेनमध्ये, स्थितिस्थापक (भार काढताच नाहीसा होणारा), औष्णिक (तापमान बदलल्याने येणारा), प्लास्टिक (भार काढल्यावरही कायम राहणारा) आणि क्रीप (सततच्या भाराखाली काळानुसार हळूहळू वाढणारा) असे वाटे असतात. त्यांपैकी प्रतिबल केवळ स्थितिस्थापक वाट्यातून निर्माण होत असल्यामुळे बाकीचे वाटे आधी वजा करून उरलेल्या विकृतीवरूनच ते काढावे लागते.

1 मीटर लांबीची पोलादी सळई 150 अंश सेल्सिअसने तापवली, तर ती सुमारे 1.8 मिलिमीटर लांबते आणि मोकळी असल्यास तिच्यात प्रतिबल येत नाही. तीच सळई दोन्ही टोकांना पक्की जखडलेली असेल, तर निव्वळ स्थितिस्थापक गणित 360 मेगापास्कल दाब दाखवते. साध्या पोलादाची नमनमर्यादा, म्हणजे ज्या प्रतिबलापलीकडे कायमची विकृती सुरू होते ती मर्यादा, मात्र 250 मेगापास्कलच्या आसपास असते, त्यामुळे दाब तिथेच थांबतो आणि उरलेली 0.55 मिलिमीटरची तूट प्लास्टिक विकृती म्हणून कायमची राहते. सळई थंड झाल्यावर हीच तूट तिला ओढून धरते आणि सुमारे 110 मेगापास्कलचे ताणाचे प्रतिबल शिल्लक उरते. (येथे पदार्थाचे कठिणीकरण आणि तापमानानुसार बदलणारे गुणधर्म सोयीसाठी सोडून दिले आहेत.) वेल्डिंगनंतर सांध्यात उरणारी प्रतिबले मुळात याच कारणाने येतात.

म्हणूनच केवळ अंतिम तापमान कळवून भागत नाही. भाग कोणत्या तापमानाला प्रतिबलमुक्त होता, भार कोणत्या क्रमाने आला, आणि तुम्ही दिलेला प्रसरणांक संदर्भ तापमानापासूनचा सरासरी आहे की त्या-त्या तापमानाचा तात्कालिक, हे आम्हाला लागते. आमच्या अनुभवात या शेवटच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो. क्रीपसाठी स्थिरांकांबरोबर काळाचे एकक अवश्य लिहावे, कारण तास आणि सेकंद यांची अदलाबदल झाली तर वेग 3,600 पटींनी चुकतो.

वाट्यांची ही साधी बेरीज लहान विकृतींपुरतीच ग्राह्य असते. घडाई किंवा खोल ओढकामासारख्या मोठ्या विरूपणात आम्ही बेरजेऐवजी विरूपणाची स्थितिस्थापक आणि प्लास्टिक अशा दोन घटकांच्या गुणाकारात फोड करतो. अशा कामाला गणनेचा वेळ जास्त लागतो, आणि तो आम्ही अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो.