‘सोर्स दिला’ म्हणजे नेमके काय दिले?

कोड इंग्रजी वाक्यासारखा वाचता आला की वेगळी माहिती लिहायला नको, ही आशा 1960च्या सुमाराच्या कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेपासूनची. ती फोल ठरली. सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांना याची झळ बसली ती नोंदी-हिशेबाचे प्रोग्राम जिच्यात लिहीत त्या फॉक्सप्रो भाषेच्या काळात.

प्रोग्राम लिहिणारा बहुधा एकटा असे. फ्लॉपी घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत यायचा, चालू करून द्यायचा, व्यवहार तोंडी. नोंदी ज्यात राहत त्या डीबीएफ फाइलमध्ये रकान्याचे नाव 10 अक्षरांत बसवावे लागे, त्यामुळे ‘डझनामागे वजन’चे ‘डीझेडडब्ल्यूटी’ व्हायचे. विणकराची उचल कोणत्या हप्त्यातून किती कापायची, हा नियम त्या माणसाच्या डोक्यात.

भांडण पेटायचे ते ‘सोर्स’वरून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ कोडवरून. पैसे मोजले, म्हणजे प्रोग्राम आपला, असे मालक धरून चालत. कॉपीराइटचा कायदा तसा नाही. 1984च्या दुरुस्तीने प्रोग्राम साहित्यकृतीत धरला गेला. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला, तर वेगळे ठरले नसल्यास हक्क मालकाचा. बाहेरच्याने ठरावीक रकमेवर लिहिला आणि हक्क लेखी दिला नाही, तर हक्क लिहिणाऱ्याचाच. 1994च्या दुरुस्तीने रीतसर प्रत असलेल्याला, ती ज्या कामासाठी घेतली त्यापुरते फेरबदल करण्याची मुभा मिळाली. पण फेरबदल करायचे कशात? हातात नुसती ईएक्सई, म्हणजे संगणकावर थेट चालणारी तयार फाइल. ती उलटी फोडली तर कोड मिळे, व्हेरिएबलची नावेही मिळत. कोडमधले शेरे, म्हणजे माणसाने वाचायच्या टिपा, मात्र कोडची ईएक्सई बनतानाच (कंपाइल होताना) गळालेले. दिवाळीच्या हप्त्यात उचल कापायची नाही, हे कोडवरून कळे. कोणी आणि का ठरवले, ते सांगणारी ओळ गेलेली. माझ्या मते सगळे सोर्ससाठी भांडले आणि ही ओळ कोणीच मागितली नाही, हे खरे नुकसान.

मग 1999मध्ये दोन आकडी वर्षाची धावपळ (वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले, त्यामुळे 2000 साल आले की घोळ), 2005ला व्हॅट, 1 जुलै 2017ला जीएसटी. दर वेळी कराचा दर कोडमध्ये कुठेकुठे पेरलाय ते हुडकत बसायचे. मधल्या काळात, 2015मध्ये, फॉक्सप्रोला मूळ कंपनीचा आधारही संपला.

एका कारखान्यात मात्र मी दिवाणजींची लाल वही पाहिली आहे. प्रोग्राममध्ये काही बदलले की तारीख, काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून आणि का, एवढे चार रकाने. जीएसटीच्या वेळी आलेल्या नव्या पोराने आधी ती वही मागून घेतली, संगणक नंतर उघडला.