एअर रायफलमध्ये हवा भरायची कशाने?

१० मीटर नेमबाजीच्या रायफलमध्ये नळीखाली एक छोटं सिलिंडर असतं आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरलेली असते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलोचा जोर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची मजल ८-१० बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. मार्ग तीनच उरतात: हातपंप, मोठ्या टाकीतून हवा उतरवून घेणं किंवा हाय-प्रेशर कॉम्प्रेसर. निवड करताना बहुतेक जण किंमत आणि मेहनत बघतात. खरं तर आधी बघायला हवं ते हे, की २०० बारच्या वर किती दाब हाताशी आहे आणि हवा किती कोरडी आहे.

हिशेबासाठी सिलिंडर २०० मिलिलिटरचं धरू. दाब १०० बारपर्यंत उतरलाय आणि पुन्हा २०० करायचाय, तर बाहेरची सुमारे २० लिटर हवा आत कोंबावी लागेल.

हातपंपाने हे जमतं. पंप तीन टप्प्यांचा असतो आणि शेवटच्या टप्प्यातला दट्ट्या मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. तो ६ मिलिमीटर जाडीचा असेल, तर २०० बारला खाली दाबायला जवळजवळ ५७ किलो जोर लागतो. म्हणूनच शेवटचे झटके दंडाच्या ताकदीने न मारता हात सरळ ठेवून अंगाच्या वजनाने मारायचे. १५-१६ वर्षांच्या सडपातळ मुलीला हे रोज करायला लावणं मला तरी पटत नाही. २० लिटरसाठी शंभर-दीडशे झटके सहज लागतात. सलग मारले तर पंप तापतो, आतल्या ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) मऊ पडतात आणि पंप हवा धरेनासा होतो. पन्नासेक झटक्यांनंतर दहा मिनिटं थांबावं आणि दर वेळी ब्लीड स्क्रू (दाब सोडायचा स्क्रू) उघडून साठलेलं पाणी उडवून द्यावं.

हे पाणी येतं कुठून? जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. आपल्या २० लिटरमध्ये अर्धा ग्रॅम. दाब कितीही वाढवला तरी २०० मिलिलिटरच्या जागेत जेमतेम काही मिलिग्रॅम वाफच टिकते. ओला टॉवेल पिळावा तसं बाकीचं पाणी गळतं. काही पंपातच अडतं, उरलेलं रायफलच्या सिलिंडरमध्ये जातं. पुण्यात जानेवारीच्या कोरड्या दुपारी हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येतं. आत गेलेल्या पाण्याने सिलिंडर गंजतं आणि रेग्युलेटरची, म्हणजे दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची, सीट (बंद होताना तो जिथे टेकतो ती जागा) खराब होते. मग पेलेटचा (छर्र्याचा) वेग फैरीगणिक बदलतो आणि नेमबाज बिचारा आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो. कोकणात पंप वापरायचाच असेल तर मॉलिक्युलर सीव्हचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर पंप आणि सिलिंडरच्या मध्ये, दाबाच्या बाजूला लावावा. वाफ दाबाखाली सहज सुटते, त्यामुळे तिथे तो जास्त पाणी पकडतो.

टाकीचा फायदा हाच, की चांगल्या कॉम्प्रेसरने भरलेली हवा आधीच वाळवलेली आणि गाळलेली असते. मात्र आकारावर भुलू नये. डायव्हिंगची नेहमीची ११.१ लिटरची ॲल्युमिनियम टाकी २०७ बारला भरतात. आपलं सिलिंडर भरताना दर वेळी तिचा दाब पावणेदोन बारने उतरतो, म्हणजे पूर्ण २०० बार तीन-चार वेळाच मिळेल. विसाव्या वेळी १७५ च्या आसपास. सरावाला तेही चालतं, कारण रेग्युलेटर असलेली रायफल वरचा दाब वापरतच नाही. पण ६.८ लिटरची कार्बन फायबरची ३०० बारची टाकी आकाराने धाकटी असूनही पूर्ण २०० बार ३० च्या आसपास वेळा देते. नुसत्या गुणाकाराने ३४ येतात, पण ३०० बारला हवा बॉईलच्या नियमापेक्षा (दाब दुप्पट तर हवाही दुप्पट मावते, या हिशेबापेक्षा) दहाएक टक्के कमी मावते.

नेमबाजीच्या अकादमीसाठी मी हीच कार्बन फायबरची टाकी निवडेन. अट एकच: ती पुन्हा ३०० बारला भरून देणारं कुणीतरी जवळ हवं. मालवण-तारकर्ली किंवा गोव्यातल्या डायव्हिंग केंद्रांचे कॉम्प्रेसर ३०० बारपर्यंत जातात का, हे टाकी घेण्याआधी विचारून घ्यावं. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आटे फिरवून बसवायचा जोड, म्हणजे डीआयएन अडॅप्टरही तपासावा. २०० बारचा डीआयएन अडॅप्टर ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये आखूड पडतो आणि हवा गळते.

भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा. ३०० बारच्या टाकीला आपलं सिलिंडर २०० बारचं आहे हे कळत नाही. गेजवर नजर ठेवून आपणच थांबायचं. घाई केली तर सिलिंडर तापतं. ५० अंशांवर दिसणारे २०० बार २५ अंशांना १८५ वर येतात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर ब्लीड स्क्रूने होजमधला दाब सोडायचा आणि मगच सिलिंडर काढायचं.

१२ व्होल्टचे छोटे कॉम्प्रेसर रायफलचं सिलिंडर भरायला ठीक असतात. त्यांनी मोठी टाकी भरायला घेतली की पिस्टनच्या रिंग जळतात. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, म्हणून कार्बन फिल्टर हवाच आणि पाण्याचा सापळा दर पाच-दहा मिनिटांनी रिकामा करावा लागतो.

वेल्डिंगच्या किंवा हॉस्पिटलच्या ऑक्सिजन सिलिंडरमधून रायफल कधीही भरू नये. हवा झटक्यात २०० पट दाबली तर सिद्धांताने तापमान १००० अंशांच्या वर जातं. त्यात शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीसचा जरासा अंश असला की स्फोट होतो. याच कारणाने ओ-रिंगला पेट्रोलियम ग्रीस लावत नाहीत, सिलिकॉन ग्रीस लावतात.

सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघत जा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारण १० वर्षं असते. ती पाळण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार नेमबाजाचीच आहे आणि उपकरण तपासणीत ती पाहिली जाऊ शकते.