देवांचा वाटा, मृतांचा वाटा : ग्रीक धर्मावरील ग्रंथांतल्या एका विभागणीची पार्श्वभूमी

ग्रीक धर्मावरच्या अलीकडच्या पुस्तकांत ‘ऑलिंपियन’ (वरच्या देवांचे) आणि ‘ख्थॉनिक’ (भूमीचे, भूमीखालचे) हे शब्द बहुधा अवतरणचिन्हांत येतात. त्या चिन्हांमागे शंभर वर्षांचा वाद आहे.

विभागणी दिसायला सोपी. वरच्या देवांना दिवसा, उंच वेदीवर पांढरा पशू. मांस सगळ्यांनी वाटून खायचे. भूमीखालच्या शक्तींना आणि मृत वीरांना रात्री, खड्ड्यात काळा पशू. तो संपूर्ण जाळायचा. एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासकांकडे ही कल्पना होतीच. १९०३ मध्ये आलेल्या ‘प्रोलेगोमेना टू द स्टडी ऑफ ग्रीक रिलिजन’ने ती सर्वदूर नेली. त्याच्या लेखिकेने, केंब्रिजच्या जेन हॅरिसनने, होमरच्या देवांऐवजी अथेन्सच्या सणांपासून सुरुवात केली, हे त्या पुस्तकाचे खरे मोठेपण. दियासिया हा झ्यूस मैलिखिओसचा, म्हणजे देवराज झ्यूसच्या एका रूपाचा, सण. अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेयसच्या शिल्पांत हा झ्यूस चक्क सर्परूपात दिसतो. त्यावरून तिने ठरवले की मुळातली पूजा सर्पाची, झ्यूस नंतर येऊन बसला. देवपूजेत ‘देतो, म्हणून दे’ आणि या जुन्या थरात ‘देतो, म्हणून निघून जा’, ही तिची मांडणी.

देवकार्य आणि पितृकार्य वेगळे ठेवणाऱ्या घरांतल्या वाचकाला हे चटकन पटते. मलाही पटले होते. पण पुरावा वेगळे सांगतो.

मुळात शब्दच निसरडा आहे. ‘ख्थोन’ म्हणजे जमीन, आणि त्यात पिकणारी जमीनही आली. प्राचीन कवी हेसिओड नांगरणीच्या वेळी ‘ख्थॉनिक’ झ्यूसची आणि धान्यदेवता डिमीटरची प्रार्थना करायला सांगतो, ती कणसे भरावीत म्हणून. म्हणूनच मराठीत ‘पाताळदेवता’ हा प्रतिशब्द मला चुकीचा वाटतो. त्याने शेतकऱ्याचा देव यमाच्या दारी नेऊन बसवला जातो.

१९६३ मध्ये अथेन्सजवळच्या एर्खिया गावाची इसवीसनपूर्व चौथ्या शतकातील यज्ञपंजिका, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाला कोणता बळी द्यायचा याची यादी, प्रकाशित झाली. तीत दियासियाला मैलिखिओससाठी एक मेंढी आहे आणि सूचना आहे : आतडी-काळजाचा विधी होईपर्यंत मद्य नको. म्हणजे त्यानंतर मद्यही चालत होते आणि मांसही खाल्ले जात होते. ज्या सणावर ‘प्रोलेगोमेना’ची इमारत उभी होती, त्याच सणाचा हा दाखला. तरीही १९७७ च्या जर्मन ग्रंथात, जो १९८५ च्या इंग्रजी भाषांतरानंतर जगभर पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला, ऑलिंपियन-ख्थॉनिक या जोडीसाठी स्वतंत्र विभाग राहिलाच.

मग १९९३ मध्ये सिसिलीतल्या सेलिनूसचा, पूजाविधी कोरलेला शिशाचा पत्रा छापून आला. त्यात त्रितोपातोरेस या पूर्वजांना, ते अशुद्ध असतील तर ‘वीरांना देतात तसे’ आणि शुद्ध असतील तर ‘देवांना देतात तसे’ द्यायला सांगितले आहे. पुढच्याच वर्षी एका अभ्यासकाने विभागणीची जोरदार पाठराखण केली. फरक खरा आहे, फक्त सीमेवर मिसळण होते, असे त्याचे म्हणणे. सेलिनूसचा पत्रा त्याला अनुकूल वाचता येतो, हे मान्य करायला हवे.

निर्णायक काम मात्र वीरपूजेवरच्या २००२ च्या पुस्तकाचे. त्यात जुने शिलालेख आणि ग्रंथ एकेक करून तपासले आहेत. मृतांसाठीच्या हवनाला वापरलेले ‘एनागिझेइन’ हे क्रियापद इसवीसनपूर्व ३०० पूर्वी फार थोड्या ठिकाणी सापडते. ते रुळले रोमन काळातल्या लेखकांत. जुन्या वीरांनाही बहुतेकदा देवांसारखाच बळी मिळे आणि मांस गावजेवणात जाई. एर्खियाच्या पंजिकेत पशू संपूर्ण जाळायला सांगितले आहेत, पण अगदी मोजके. उशिराच्या लेखकांचा शब्द हातात घेऊन सहाशे वर्षे मागचा धर्म वाचला गेला होता.