एक दशांश सेकंदाचा ठोसा

आमचा भाचा ताटाशेजारी मोबाइल उभा करूनच जेवतो. परवा त्यावर मोझेस इटाउमा होता. ब्रिटनचा मुष्टियोद्धा, जन्म 2004चा. 2025च्या ऑगस्टमध्ये रियाधला त्यानं मुरलेल्या डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत आडवं केलं. "मामा, हा उसिकला हरवणार बघ. ठोसा आहे का ट्रक!" ओलेक्सांद्र उसिक म्हणजे युक्रेनचा हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातला, जगज्जेता. त्याच वर्षी जुलैमध्ये वेम्ब्लीवर डॅनियल द्युबुआला त्यानं पाचव्या फेरीत झोपवलं, आणि तोवर एकही व्यावसायिक लढत तो हरला नव्हता.

ट्रकबिक काही नसतो. हेवीवेटचा ठोसा केवढा असतो, ते मोजून कधीच झालंय. 1985 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यावर एक निबंध आला होता. फ्रँक ब्रुनो या तेव्हाच्या उगवत्या हेवीवेटला संशोधकांनी टांगलेल्या लक्ष्यावर ठोसा मारायला लावलं. आघाताच्या क्षणी मूठ सेकंदाला 8.9 मीटर वेगानं जात होती, म्हणजे ताशी 32 किलोमीटर. आपल्याकडे गल्लीतल्या स्कूटरचा वेग. बल भरलं 4,096 न्यूटन. गादी गुंडाळलेला सहा किलोचा लाकडी हातोडा त्याच वेगानं बसावा, तसा तो फटका.

एवढा हातोडा घेऊन ब्रुनो 1989च्या फेब्रुवारीत लास वेगासला तेव्हाचा जगज्जेता माइक टायसन याच्यासमोर उभा राहिला. पहिल्याच फेरीत त्यानं टायसनला हलवलंही. पाचव्या फेरीत हरला.

त्या निबंधातला मला सर्वांत आवडणारा आकडा मात्र बलाचा नाही, वेळेचा आहे. ब्रुनोची मूठ जागची हलल्यापासून 49 सेंटिमीटर जाऊन आदळेपर्यंत सगळा मिळून वेळ 0.1 सेकंद. डोळ्याला काही दिसलं, मेंदूनं ते ओळखलं आणि स्नायूला हुकूम सुटला, एवढ्याला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून तो चुकवणं शक्यच नाही. तुम्ही हलायच्या आत तो बसून गेलेला असतो. मग चांगले मुष्टियोद्धे चुकवतात कसे? ते ठोसा बघतच नाहीत. खांदा किती वळला, वजन कोणत्या पायावर गेलं, कोपर किती उचललं, हे वाचून ते मूठ निघायच्या आधीच डोकं काढून घेतात. फिरकी खेळणारा फलंदाज गोलंदाजाचं मनगट वाचतो, तसंच.

न वाचलेला ठोसा एवढा महाग का पडतो? फटका येतोय हे कळलं की मानेचे स्नायू आपोआप ताठ होतात. डोकं धडाला जखडलं जातं, हलवायचं वस्तुमान वाढतं, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमानं तेवढ्याच बलात त्वरण कमी मिळतं. मान ढिली असेल तर एकटं डोकं गर्रकन फिरतं. हे फिरणंच वाईट. खरवसाचा डबा सरळ पुढे ढकला, वडी बहुतेक शाबूत राहते. तोच डबा झटक्यानं पिळल्यासारखा फिरवा, कडेचा थर डब्याबरोबर जातो, मधला मागे राहतो आणि वडीला भेगा पडतात. मेंदू तितकाच मऊ. हनुवटीवर खालून किंवा बाजूनं बसलेल्या ठोशाला मानेच्या अक्षापासून लांब भुजा मिळते, आघूर्ण म्हणजे फिरवणारा जोर वाढतो, कोनीय त्वरण वाढतं, थरांमध्ये कातर-प्रतिबल, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून घसरवणारा ताण, तयार होतं. शुद्ध टिकवून ठेवणारी, मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातली यंत्रणा मग क्षणभर बंद पडते. माणूस दुखून पडत नाही, विझून पडतो.

आता 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. 37 लढती, 37 विजय असा टायसन, आणि समोर बस्टर डग्लस. डग्लस जिंकण्यावर सट्टेबाजांचा भाव 42ला 1, म्हणजे एक रुपया लावला तर बेचाळीस मिळणार. डग्लसचे पसरलेले हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 83 इंच, टायसनचे 71. समालोचक सर्रास 'बारा इंचांचा फायदा' म्हणतात; ते दोन्ही हातांचं माप आहे. एका हाताला सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर. तेवढं अंतर टायसननं पायांनी कापायचं. सेकंदाला दीड मीटर हा वेग धरला तर लागणारा जादा वेळ 0.1 सेकंद. ठोशाचा 0.1 त्यात मिळवा. झाले 0.2! हिशेब ढोबळ आहे, पण टायसनचा न दिसणारा ठोसा डग्लसला दिसण्याच्या उंबरठ्यावर आला तो असा. त्यात डग्लसचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टायसनला रात्रभर लांब ठेवत होता.

आठव्या फेरीत डग्लस खाली पडला, कसाबसा उठला. दहाव्या फेरीत त्याचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, टायसनच्या हनुवटीखाली लागला, डोकं मागे फेकलं गेलं, आणि पाठोपाठच्या ठोशांनी टायसन पडला. गुडघ्यावर रांगत तो माउथपीस, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, चाचपत होता. सापडल्यावर तो त्यानं वाकडातिकडाच तोंडात धरला. जगातल्या सर्वांत भयंकर माणसाला स्वतःचे दात सापडत नव्हते.

डग्लसची आई काही आठवडे आधीच वारली होती. तिच्या आत्म्यानं त्याला बळ दिलं, असं सांगणारे तेव्हाही होते, आजही आहेत. दुःखानं माणूस पेटून उठतो, मान्य. पण आत्म्यानं हात लांब होत नाहीत. आणि 42ला 1 हा काही चमत्काराचा आकडा नव्हे. दर लढतीत हाच भाव धरला, तरी तीस लढतींत टायसननं एकदा तरी हरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी येते.

राहिला भाच्याचा प्रश्न. इटाउमा आणि उसिक दोघेही डावखुरे. डावखुरे मुळात थोडे, त्यामुळे दोघांचीही नजर उजव्या हाताच्या खांद्यांवर तयार झालेली. इटाउमाला उसिकचा खांदा वाचता येणार नाही, हे खरं. पण वाचनाच्या जोरावरच जिंकत आलेल्या उसिकलाही इथे पुस्तक उलटं धरून वाचावं लागेल. भाच्याला एवढं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे हरवणार ना?"