राष्ट्रीय नागरी व सामुदायिक वनीकरण सल्लागार परिषद
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शहरे, उपनगरे आणि लहान गावे यांतील झाडांविषयी कृषिमंत्र्यांना (तेथील पदनाम सचिव) सल्ला देणारी वैधानिक परिषद. १९७८ च्या सहकारी वनसाहाय्य अधिनियमात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीने तिची तरतूद केली. वनसेवा हे खाते अमेरिकेत कृषिखात्याच्या अखत्यारीत येते. म्हणून संघराज्याच्या पातळीवर शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडाचा प्रश्नही तेथे नगरविकासाकडे न जाता कृषिखात्याकडे जातो.

परिषदेच्या नावातील ‘नागरी वनीकरण’ या संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. बहुतेक अभ्यासक तिचे जनकत्व एरिक यॉर्गनसेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या वनस्पतिरोगतज्ज्ञाला देतात. १९६५ मध्ये टोराँटो विद्यापीठात आपल्या एका विद्यार्थ्याच्या संशोधनविषयाला त्याने हे नाव दिले, असे सांगितले जाते. मात्र मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज शहराच्या उद्यान अधीक्षकाने १८९४ च्या सुमारास आपल्या वार्षिक अहवालात शहरातील झाडांच्या संदर्भात जवळपास हीच शब्दयोजना केल्याचे नंतरच्या लेखकांनी दाखवून दिले आहे. त्याच राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावी वृक्षरक्षक नेमण्याचे कायदेही झाले होते. तेव्हा शब्द जुना आणि व्यवहार त्याहून जुना, हे मान्य करावे लागते. तरीही ज्ञानशाखा या अर्थाने संज्ञेची सुरुवात १९६५ पासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकेका झाडाची निगा म्हणजे नागरी वनीकरण नव्हे; शहरवासीयांचा वावर आणि प्रभाव जेथवर पोहोचतो त्या सर्व क्षेत्रातील वृक्षराजीचे व्यवस्थापन म्हणजे नागरी वनीकरण, ही व्याख्या यॉर्गनसेनने केली. बागकाम आणि वनशास्त्र यांच्यातील सीमारेषा तिने प्रथम स्पष्ट केली.

ही व्याख्या एका रोगतज्ज्ञाकडून यावी यामागे कारण आहे. यॉर्गनसेन डच एल्म रोगाचा अभ्यासक होता. बुरशीमुळे होणारा व सालीतील भुंगेऱ्यांमार्फत पसरणारा हा रोग १९३० च्या सुमारास यूरोपातून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर अमेरिकेत शिरला. तेथील शहरांनी रस्त्यांच्या दुतर्फा अमेरिकन एल्म हे एकच झाड रांगेने लावलेले होते. जवळजवळच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळत आणि रोग भुंगेऱ्यावाचूनही पुढच्या झाडात जाई. काही दशकांत रस्तेच्या रस्ते उघडे पडले. एकेका झाडावर औषध मारून हे थांबणारे नव्हते. लागवड, वाणांची विविधता, पाहणी आणि तोडणी यांचा शहरभर एकत्र विचार करणे भाग होते. एकच झाड सर्वत्र लावण्याच्या या चुकीची आठवण २००२ मध्ये डिट्रॉइटजवळ ॲशच्या झाडांवर ती मारून टाकणारा आशियाई पाचू भुंगेरा आढळला तेव्हा पुन्हा झाली. गेलेल्या एल्मच्या जागी अनेक शहरांनी ॲशच लावला होता.

कायद्याच्या दृष्टीने पहिले पाऊल १९७२ मध्ये पडले. त्या वर्षी १९५० च्या सहकारी वनव्यवस्थापन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनसेवेला शहरांतील झाडांसाठी राज्यांना तांत्रिक मदत देण्याचा अधिकार मिळाला. १९७८ च्या अधिनियमाने तो कायम केला. तथापि पैसा तुटपुंजा राहिला. जॉर्ज बुश (थोरले) यांच्या कारकिर्दीत वृक्षलागवडीला राष्ट्रीय मोहिमेचे रूप आले आणि १९९० च्या कृषी कायद्याने कार्यक्रमाचा विस्तार करून त्यावर सल्लागार परिषद बसवली.

परिषदेचे सदस्य १५. त्यांची विभागणी कायद्यातच सांगितली आहे : राष्ट्रीय पातळीवरील वन व संवर्धनविषयक ना-नफा संस्थांचे दोन, राज्य, परगणा (काउंटी) आणि शहर यांच्या शासनांचा प्रत्येकी एक, वनोत्पादने, रोपवाटिका व तत्सम उद्योगांचा एक, नागरी वनीकरण, भूदृश्य वा रचना सल्लागारांचा एक, शिक्षणसंस्थांचे दोन, राज्य वनखात्यांचा एक, नैसर्गिक संपत्ती वा वृक्षसंगोपन या क्षेत्रांतील व्यावसायिक संघटनेचा एक, कृषिविस्तार सेवेचा एक, वनसेवेचा एक, आणि कोणत्याही शासकीय संस्थेत नोकरीला नसलेले दोन जाणकार नागरिक. या शेवटच्या दोघांपैकी एक ५०,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावचा रहिवासी असावा लागतो. नावातील ‘सामुदायिक’ हा शब्द येथे प्रत्यक्षात उतरतो. महानगराकडे स्वतःचा वृक्षतज्ज्ञ असतो. लहान गावात मात्र ते काम बहुधा रस्ते दुरुस्त करणाऱ्या माणसाच्याच गळ्यात पडते. त्या गावाची बाजू मांडणारी खुर्ची कायद्याने राखून ठेवावी, हा या रचनेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. अध्यक्षही शासकीय सेवेबाहेरचाच निवडायचा असतो. मुदत तीन वर्षांची, काम विनावेतन; प्रवासखर्च मिळू शकतो. संघराज्याच्या सल्लागार समित्यांना लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार बैठका लोकांना खुल्या असतात.

परिषदेकडे मुख्य कामे दोन : राष्ट्रीय कृती आराखडा तयार करून त्याच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन करणे, आणि स्पर्धेने द्यावयाच्या सहभागी अनुदानाचे निकष ठरवून शिफारशी करणे. या अनुदानात संघराज्याचा वाटा निम्म्यापेक्षा अधिक नसतो. उरलेला भाग संस्थेने रोख, साहित्य वा श्रम या रूपाने उभारायचा. झाड तोडण्यास परवानगी देणे किंवा नाकारणे परिषदेच्या हाती नाही. दहा वर्षांचा आराखडा २०१६ ते २०२६ या काळासाठी करण्यात आला. महागाई नियंत्रण कायद्याने (२०२२) नागरी व सामुदायिक वनीकरणासाठी १.५ अब्ज डॉलर मंजूर केले. एवढी रक्कम या क्षेत्राला पूर्वी कधीच मिळाली नव्हती.

मराठी वाचकाने संज्ञांबाबत सावध असावे. आपल्याकडे ‘सामुदायिक वन’ म्हटले की गडचिरोलीतील मेंढा (लेखा) यांसारख्या गावांचे वनहक्क डोळ्यांसमोर येतात, तर ‘सामाजिक वनीकरण’ म्हणजे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पुरस्कारलेला, पडीक जमिनी व गायरानांवरील लागवडीचा कार्यक्रम. अमेरिकन संज्ञेत यांपैकी काहीही अभिप्रेत नाही. महाराष्ट्रात शहरी झाडांचा कारभार १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखालील वृक्ष प्राधिकरणांकडे आहे. महानगरपालिकेत आयुक्त अध्यक्ष, खाली वृक्ष अधिकारी, ठरावीक काळाने वृक्षगणना आणि तोडीसाठी अर्ज व चौकशी, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे येथे परवान्याचा अधिकार आहे, तर तेथे केवळ सल्ल्याचा. अमेरिकन परिषदेशी उद्देशाने अधिक जवळची ठरते ती केंद्र शासनाची २०२० ची नगरवन योजना. तिची घोषणा करताना पुण्यातील वारजे येथील टेकडीवर नागरिक व वनखात्याने मिळून वाढवलेल्या वनाचा आदर्श म्हणून उल्लेख करण्यात आला होता.