फोन तापतो, बॅटरी उतरते : मागचं झाकण बंद झालं तिथपासूनची गोष्ट

लिथियम आयन बॅटरी बाजारात आली 1991 साली, पण तो इतिहास बाजूला ठेवू, आपल्या कामाचा भाग 2007 पासून सुरू होतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नोकियाने आपल्या फोनमधल्या बीएल-5सी नावाच्या बॅटरीबद्दल इशारा काढला, चार्जिंगच्या वेळी आत शॉर्ट होऊन ती जास्त तापू शकते म्हणून. बॅटऱ्या होत्या 4 कोटी 60 लाख, आणि आपल्याकडे तर घरटी एक तरी असायचीच, त्यामुळे नंबर तपासायला सर्व्हिस सेंटरवर झुंबड उडाली. पण उपाय किती सोपा होता बघा, मागचं झाकण अंगठ्याने सरकवा, बॅटरी काढा, दुसरी टाका, फोन तोच.

आता सॅमसंगचा 2016 चा नोट 7 घ्या. ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमारे 25 लाख फोन परत मागवायची वेळ आली, बदलून दिलेलेही पेटायला लागले तेव्हा ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद केलं. दोष नंतर बॅटरीतच निघाला, दोन वेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगळे दोष. पण बॅटरी आत चिकटवलेली, म्हणून अख्खा फोन गेला. आपल्याकडे त्याची विक्री सुरूच झाली नव्हती, तरी विमानात बसलं की नोट 7 बंद ठेवा अशी सूचना ऐकावी लागायची.

या दोन घटनांच्या मधे जे घडलं, झाकण बंद करायचा निर्णय, त्यावर अजून वाद आहे. आयफोनची बॅटरी पहिल्यापासूनच आत होती, बाकीचे बरीच वर्षं काढता येणारीच द्यायचे आणि जाहिरातीत ते मिरवायचेसुद्धा. मग 2015 मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी एस6 आला, काचेची पाठ, झाकण बंद, आणि बघता बघता सगळेच त्या वाटेने गेले. कारणं दिली गेली की पाणी आत जाणार नाही, फोन पातळ होईल, बॅटरीचं कडक कवच वाचलं की त्या जागेत मोठी बॅटरी बसेल. तिसरं कारण तत्त्वतः खरं आहे. पण आदल्याच वर्षीचा एस5 झाकण उघडणारा असूनही पाण्यात टिकायचा, आणि त्यात 2800 एमएएच बॅटरी होती, एस6 मध्ये 2550! म्हणजे पातळपणा सोडला तर गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं हे मला तरी अजून कळलेलं नाही. हां, जुनी बॅटरी दमली की नवा फोन घ्यायचं निमित्त मात्र मिळालं.

त्याच सुमाराला बाकीचंही सगळं अंगावर आलं. 2015 च्या महागड्या फोनांतला स्नॅपड्रॅगन 810 प्रोसेसर तापण्यासाठीच गाजला. 2016 च्या सप्टेंबरात जिओचा फुकट 4जी डेटा आला आणि जो फोन दिवसातून चार फोन घ्यायला वापरायचे तो दिवसभर व्हिडिओ चालवायला लागला. 2022 च्या ऑक्टोबरपासून 5जी, तिथे सिग्नल कमजोर असला की फोनमधला रेडिओ, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, जास्त पॉवर खातो, सारखा 4जी-5जी करत बसतो आणि खिशात असतानाच फोन गरम. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन 4जी वर ठेवला की फरक पडतो.

तापणं आणि उतरणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत. जो चार्ज जातोय त्यातला बराचसा उष्णता म्हणूनच बाहेर पडतो, आणि त्याच उष्णतेने बॅटरी आतून लवकर म्हातारी होते, मग तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढतो, मग ती आणखी तापते. आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं हवेचं तापमान 0 ते 35 अंश, आणि चंद्रपूरला मे महिन्यात 45 च्या वर पारा जातो, तिथे फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मॅप लावून वर फास्ट चार्जिंग म्हणजे काय होणार.. कव्हर काढा, चार्जिंगला असताना गेम नको, तापला तर फ्रीजमध्ये घालू नका, आत दव धरतं.

2017 च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलकडून कबुली आली की जुन्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जात होता, दमलेली बॅटरी अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, न सांगता केलं हे मात्र पटण्यासारखं नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागितली, बॅटरी बदलायचा दर आपल्याकडे सुमारे 6500 वरून 2000 रुपयांवर आला, आणि 2018 मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान सेटिंगमध्ये आलं. तिथे 80 टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बाकीचे उपाय करत बसू नका, बॅटरी बदला. बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल तर चार्जिंगला लावूच नका.

बदलायची म्हणजे दुकानदार हीट गनने कडा गरम करतो, प्लास्टिकची पातळ पत्ती फिरवत काच उचकटतो, बॅटरीखालची गोंदपट्टी ओढतो, आणि ती तुटली तर मग हळूहळू खरवडत बसतो. नंतर पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही.

युरोपात 2027 च्या फेब्रुवारीपासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी असा नियम लागू होतोय. पण 1000 वेळा चार्ज होऊनही 80 टक्के क्षमता राखणाऱ्या आणि पाण्यात टिकणाऱ्या फोनना त्यातून सूट आहे, त्यामुळे महागड्या फोनांची झाकणं बहुतेक बंदच राहतील.